खोबरेल गोठून राहिलं

नागपूरच्या माणसाची नारळाशी गाठ दोनच ठिकाणी पडते. एक टेकडीच्या गणपतीपुढे, तो फुटायच्या बेतात असताना. दुसरी सावजी मसाल्यात, तो भाजून काळा झाल्यावर. याहून जास्त घरोबा नाही. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब, आणि तेल म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती तर्री. पोह्यांवरची, रश्श्यावरची आणि नंतर शर्टावरची. अंगाला तेल लावायचं ते दिवाळीत, तेही पहाटे, अर्धवट झोपेत, कुणीतरी ओरडत असताना.

त्यामुळे २०१८ सालच्या एप्रिलात लेकीने डोंबिवलीहून फोनवर गोड बातमी दिली, तेव्हा पुढचे नऊ महिने आमच्या घरात बाळाच्या नावापेक्षा तेलावरच जास्त बोललं जाणार आहे याची मला कल्पना नव्हती. गंमत म्हणजे त्याच महिन्यात दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंही याच विषयावर जमत नव्हतं. प्रश्न असा होता की लहान बाटलीत मिळणारं खोबरेल हे खाण्याचं तेल की केसांचं? खाण्याचं म्हटलं तर कर कमी, केसांचं म्हटलं तर जास्त. न्यायमूर्ती रंजन गोगोई म्हणाले खाण्याचं. न्यायमूर्ती आर. भानुमती म्हणाल्या केसांचं. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. बातमी वाचून मी हसलो होतो. तेव्हा मला विहीणबाई नीट कळल्या नव्हत्या.

विहीणबाई गुहागरच्या. परसात माड, माडावर नारळ, नारळाचं खोबरं, खोबऱ्याचं घाण्यावरून काढून आणलेलं तेल, आणि त्या तेलात बुडालेली त्यांची जीवननिष्ठा. भाजलं तर खोबरेल, कापलं तर खोबरेल, दार करकरलं तरी खोबरेल. 'हे तेल खायचं की लावायचं' असला प्रश्न त्यांच्यापुढे कुणी मांडला असता तर त्यांनी आधी त्या माणसाच्याच डोक्यावर चार थेंब थापले असते.

आमच्या सौ.चं घराणं तिळाच्या तेलाचं. माझी आई त्याहून जुनी, ती जवसवाली. आम्हा भावंडांना जवसाच्या तेलाने चोपडून उन्हात ठेवायची म्हणे. हेच जवसाचं तेल उकळून लाकडी दारं-खिडक्यांना लावतात, हे मला पुढे नोकरीत कळलं, आणि आमच्या घराण्याच्या रंगाचा उलगडा झाला.

पहिली चकमक पोटावरून झाली. पाचव्या महिन्यापासून रोज पोटाला खोबरेल चोळ, म्हणजे रेघा उठत नाहीत, असा गुहागरचा आदेश आला. सौ.ने तिळाचं तेल सुचवलं. लेक नव्या पिढीची, तिने दोघींचं ऐकून घेतलं आणि मोबाइलवर शोधलं. २०१२ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी सहा चाचण्या आणि आठशे बायकांचा हिशेब मांडून सांगितलं होतं की पोटावरच्या रेघा कुठल्याही मलमाने किंवा तेलाने टळतात असा पुरावा सापडत नाही. रेघ उठते ती कातडीच्या आतल्या थरात, तेल बसतं वर. म्हणजे छत गळतंय म्हणून अंगणाला शेण सारवण्यासारखं.

विहीणबाईंनी शांतपणे विचारलं, "त्या आठशेंत गुहागरची एक तरी होती का?"

लेकीला सांगता येईना.

"मग? मला चार बाळंतपणं झाली. एक रेघ नाही."

या पुराव्याची उलटतपासणी कुणी घेणार नव्हतं. मुद्दा मंजूर झाला. लेक रोज रात्री खोबरेल लावू लागली आणि म्हणाली, रेघांचं माहीत नाही, पण खाज थांबते बाई. कातडी ताणली की कोरडी पडते, कोरडी पडली की खाजते, आणि तेल लावलं की ओल धरून राहते. एवढं साधं काम ते तेल करत होतं. पण नुसती खाज थांबवणाऱ्या तेलाला आपल्याकडे मान कोण देतो?

नारळपाण्याचं प्रकरण त्याहून वरचं. पांढरं प्यायलं की बाळ गोरं होतं म्हणून शहाळी, वर केशर घातलेलं दूध. यात मात्र सौ. आणि विहीणबाई यांची पूर्ण युती होती. एरवी कशावरच एकमत नसलेल्या बायका गोरेपणावर किती पटकन एक होतात हे बघून वाईटच वाटलं. आम्हां पुरुषांनी त्यावर ब्र काढला नाही, हे मात्र मी पुरुषांच्या बाजूने लिहीत नाही. एवढी शहाळी रिचवून नातू शेवटी आजोबांवर गेला. जवसाने बाजी मारली.

ऑगस्टात बॉम्ब पडला. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या प्राध्यापक करिन मिशेल्स यांनी भाषणात खोबरेलाला चक्क विष म्हटल्याची बातमी जगभर गाजली. बाई हार्वर्डशीही संबंधित, त्यामुळे आमच्या व्हॉट्सअॅप गटात त्यांना ताबडतोब बढती मिळून 'हार्वर्डने सिद्ध केलं' असं झालं. आदल्याच वर्षी अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं होतं की खोबरेलात ८२ टक्के संपृक्त चरबी असते, लोण्यातल्यापेक्षा जास्त. मुद्दा रोज खाण्याचा होता, पोटाला चोळण्याचा नव्हता. पण एवढा बारकावा पुढे ढकललेल्या मजकुरात टिकत नाही. सौ.ने ती बातमी काही न लिहिता, नुसता नमस्काराचा हात जोडून गुहागरला पाठवली.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "आमच्या सासूबाई ब्याण्णवाव्या वर्षी गेल्या. विषाला जरा उशीरच झाला."

सातव्यात लेक माहेरी आली, डोहाळजेवण झालं, ओटीत नारळ पडला, तो विहीणबाईंनी निवडून पाठवलेला होता, पुढे चला.

एरवी डिसेंबरात नागपुरात दोन गोष्टी घट्ट बसतात, विधिमंडळाचं अधिवेशन आणि खोबरेल तेल. त्या वर्षी सरकारने हवापालट म्हणून पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं होतं. जुलैत असा पाऊस कोसळला की विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज बंद पडलं. हिवाळी मग मुंबईत उरकलं. त्यामुळे डिसेंबरातली सगळी गोठवागोठव एकट्या खोबरेलावर आली.

बाळाच्या मालिशसाठी विहीणबाईंनी दिलेलं तेल जावई विदर्भ एक्स्प्रेसने घेऊन निघाले. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या, प्रत्येकी दोन लिटर, तोंडं अरुंद, वर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर विहीणबाईंनी मारलेली सात गाठींची दोरी. कल्याणला तेल काचेसारखं होतं म्हणे. इगतपुरीला दुधाळ झालं. भुसावळला साय धरली, अकोल्याला दही लागलं. बडनेऱ्याला चहा घेताना जावयांनी बाटली उलटी करून पाहिली तेव्हा आतलं काहीच हललं नाही. नागपूरला उतरले ते हातात दोन पांढऱ्या मुगदळी घेऊन.

सौ.ने बाटली दिव्यासमोर धरली, हलवली, टिचकी मारली. "डालडा मिसळला आहे," ती माझ्या कानात म्हणाली. व्याह्यांच्या घरून आलेल्या वस्तूवर याहून गंभीर आरोप मराठीत नाही.

सुदैवाने शेजारचे काका एल.आय.टी.चे. आमच्या गावात लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट आहे (आता तिचं विद्यापीठ झालंय), १९४२ सालची, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि तिथे तेलाचं तंत्रज्ञान रीतसर शिकवतात. तेलात पदवी घेतलेला माणूस कुंपणापलीकडे राहत असून त्याला आम्ही आजवर फक्त इस्त्रीवाल्याचा पत्ता विचारला होता. काका म्हणाले, खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतंच; गुहागरला तेवढी थंडी टिकत नाही, इथे टिकते. गोठलं म्हणजे शुद्ध असं मात्र समजू नका, पाम कर्नलचं तेलही असंच गोठतं. पण या थंडीत गोठलं नसतं, तर मी पॅराफिनचा संशय घेतला असता. सौ.ने यातलं फक्त 'पाम कर्नल' ऐकलं.

नातू डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला. डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या. घरी सोडताना सौ.ने तेलाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लावायचंच असेल तर खोबरेल लावा. मोहरीचं नको. आणि नाकात, कानात एक थेंबही घालायचा नाही. नाकातलं तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो."

'लावायचंच असेल तर'. या तीन शब्दांचे आमच्या घरात तीन अर्थ झाले. लेकीला ऐकू आलं, नाही लावलं तरी चालेल. विहीणबाईंना फोनवर ऐकू आलं, डॉक्टरांनी खोबरेल लिहून दिलं. सौ.ला ऐकू आलं, तिळाच्या तेलाबद्दल त्यांनी वाईट काहीच म्हटलं नाही.

लेकीने पुन्हा मोबाइल काढला. या वेळी मुंबईचाच अभ्यास निघाला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केलेला, २००५ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये छापून आलेला. बाळांचे तीन गट, एकाला खोबरेलाने मालिश, एकाला मिनरल ऑइलने, एकाला नुसती पावडर. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलवाल्यांचं वजन बाकी दोघांपेक्षा जास्त वेगाने वाढलं. पुऱ्या दिवसांच्या बाळांत पावडरवाल्यांपेक्षा.

विहीणबाईंनी गुहागरात पेढे वाटायचेच बाकी होते.

"तिथे तिळाचं तेल होतं का?" सौ.ने विचारलं.

"नव्हतं."

"मग पावडरीला हरवलं, यात काय मोठं?"

मी चौतीस वर्षं सरकारी अहवाल वाचले आहेत. इतका नेमका आक्षेप एकाही वरिष्ठाने घेतलेला मी पाहिला नाही.

मग मालिशवाल्या मावशी आल्या. मावशी भांडेवाडीकडून सायकलवर येत. पाय पसरून पाटावर बसल्या की त्यांच्या नडग्यांवर बाळ असं बसायचं की जणू नडग्या त्याच कामासाठी घडवल्यात. पहिल्या दिवशी त्यांनी बाटली हातात घेतली, पिळली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकाजी, हे तेल होय का मेणबत्ती?"

"खोबरेल आहे. कोकणातलं."

"लेकराले थंडीत खोबऱ्याचं लावत नसते. थंड असते ते. मी तीस वर्सापासून पोट्टे न्हाऊ घालून राहिली, तिळाचं आणा."

सौ.चा चेहरा उजळला. वैद्यकीचंही तसं म्हणणं आहेच, तीळ उष्ण, खोबरेल शीत. पण दारामागे फोन चालू होता आणि फोनवर गुहागर होतं. शेवटी तोडगा निघाला तो असा की तेल खोबरेलच, पण गरम करून. आणि ते गरम करण्याचं खातं माझ्याकडे.

मी पाण्याच्या खात्यातून निवृत्त झालेला. वाहणारी गोष्ट अडवण्याचा मला दांडगा अनुभव. अडलेली वाहती करण्याचा नाही. पहिल्या दिवशी बाटली गच्चीवर उन्हात ठेवली. नागपूरचं डिसेंबरातलं ऊन कोवळं असतं, बाजूने वितळलं आणि मधला दांडा तसाच राहिला, कुल्फीसारखा. दुसऱ्या दिवशी बाटली उकळत्या पाण्यात बुडवली. तेल वितळलं, बाटलीही. कमरेत वाकून ती अशी उभी राहिली की विहीणबाईंनी पाहिली असती तर आधी तिलाच शेक दिला असता. तिसऱ्या दिवशी सौ. कुंची विणत होती ती लोकरीची सुई मी पळवली आणि बाटलीच्या तोंडातून आत खुपसून तेल कोरून काढायला बसलो. तासाभरात वाटीत दोन चमचे जमलं. कुंचीला मात्र पुढे कायमचा वास राहिला.

या उद्योगात मला बाजारातल्या निळ्या बाटलीची गोष्ट आठवायची. पॅराशूट आधी पत्र्याच्या डब्यात यायचं. कंपनीच्या हर्ष मारीवालांनी ते प्लॅस्टिकमध्ये आणायचं ठरवलं तेव्हा दुकानदार कचरले, कारण आधी कुणीतरी चौकोनी प्लॅस्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या आणि उंदरांनी त्या कुरतडून दुकानभर तेल केलं होतं. मग बाटली गोल केली, म्हणजे दाताला कोपरा सापडत नाही. आणि दुकानदारांना पटावं म्हणून उंदीर आणि गोल बाटल्या एका पिंजऱ्यात ठेवून पाहिल्या. उंदीर हरले. डिसेंबरातल्या पहाटे पाच वाजता, हातात सुई, अंगात दोन स्वेटर, मला त्या उंदरांबद्दल आपुलकी वाटायला लागली होती.

आणि २९ डिसेंबरला पारा साडेतीन अंशांवर आला. ३.५. नागपूरच्या नोंदीत इतकी थंडी आधी कधी नव्हती. नळाचं पाणी हाताला चावत होतं. बाटलीचं तर विचारूच नका. तिने त्या दिवशी फरशी फुटली असती. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, आज तेल नको, आंघोळ नको, बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून ठेवा. तेलाच्या इतिहासातला हा पहिला दिवस की ज्या दिवशी दोन्ही पक्षांनी शस्त्रं खाली ठेवली.

त्याच थंडीत विहीणबाई बारशाला आल्या. गुहागरहून निघताना एक शाल घेतली होती, ती त्यांना पुरेशी वाटली होती. स्टेशनवर उतरल्या तेव्हा दात वाजत होते, आणि घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी आपल्या तेलाची ती अवस्था पाहिली. बाटलीला हात लावून त्या थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या. सौ.ने त्यांच्या हातात चहा दिला, अंगावर आपली घोंगडी टाकली आणि डालड्याचा विषय काढला नाही. माझ्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. तिचा एवढा संयम मी पहिल्यांदाच पाहत होतो.

रात्री पाणी प्यायला उठलो तर बैठकीत विहीणबाई गोधडीत गुरगुटून झोपलेल्या, कुशीत गरम पाण्याची पिशवी, आणि पिशवीला बिलगून ती कमरेत वाकलेली बाटली. सकाळी तेल पातळ होतं. माझं खातं त्या दिवसापासून काढून घेण्यात आलं.

पुढचे पंधरा दिवस मावशी आणि विहीणबाई असा सामना होता आणि आम्ही प्रेक्षक. नाकात तेल घालायचं नाही हे कळल्यावर मावशींनी पाटावरून उठायचीच तयारी केली. "नाकात नाही, कानात नाही, मंग मले कायले बोलावलं?" विहीणबाईंनी समजूत घातली, पण टाळूवर त्या स्वतः अडल्या. टाळू भरलीच पाहिजे, तेलाचा बोळा ठेवून. लेकीने सांगितलं, आई, टाळू तेलाने भरत नाही, हाडाने भरते, ती आपोआप साधारण दीड वर्षापर्यंत.

"तेच म्हणत्ये मी," विहीणबाई म्हणाल्या. "दीड वर्ष तेल घातलं की भरते."

यावर शास्त्राकडे उत्तर नाही. शिवाय टाळूतून खोबरेल जिरलं की बुद्धी तल्लख होते आणि वाणी शुद्ध होते, असंही त्यांनी जाता जाता सांगितलं. वाणी शुद्ध म्हणताना त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी बाळाचा पाय खांद्यापर्यंत नेऊन आणला आणि म्हणाल्या, "आमची वाणी काहून, चांगलीच आहे नं."

बाळ मात्र या सगळ्यात कुणाच्याच पक्षाचं नव्हतं. मावशींचे हात पाठीवरून फिरायला लागले की ते डोळे अर्धे मिटायचं आणि खालचा ओठ सोडायचं, एखाद्या तृप्त मंत्र्यासारखं. एक दिवस विहीणबाई देवळात गेल्या होत्या. सौ.ने डोळ्यांनी खूण केली, मावशींनी वाटीतलं खोबरेल बाजूला सारून कमरेच्या पिशवीतून तिळाचं काढलं. बाळाने त्याच ठिकाणी त्याच वेळी ओठ सोडला. ही नोंद मी कुठल्याही नियतकालिकाकडे पाठवलेली नाही.

पुढे जावयांना नागपुरातच नोकरी मिळाली आणि मंडळी आमच्याजवळ राहायला आली. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाण्याचं तेल म्हणून धरता येईल. मी तो विहीणबाईंना फोनवर वाचून दाखवला.

"किती वर्षं लागली?"

"पंधरा-एक."

"आमच्याकडे विचारायला यायचं. एक डबा स्वयंपाकघरात असतो. त्यातलंच डोक्याला, त्यातलंच पातोळ्यांना."

आणि गंमत बघा, पुढच्याच सप्टेंबरात केसांच्या तेलावरचा जीएसटी अठरावरून पाचावर आला, म्हणजे खाण्याच्या तेलाइतकाच. ज्या फरकासाठी एवढी वर्षं वाद चालला तो फरकच गेला.

नातू आता सात वर्षांचा आहे. परवा डिसेंबरातल्या रविवारी गुहागरचा फोन आला, चित्रासह. विहीणबाईंना नातू काय करतो ते बघायचं होतं. तो खिडकीतल्या उन्हात बाटली धरून बसला होता, आजीने पाठवलेलीच, या वेळी रुंद तोंडाची. एक बोट आत घालून त्याने ते चाटलं, दुसरं डोक्याला पुसलं.

"काय करतोस रे, राजा?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही न आजी," तो म्हणाला. "तेल पाहून राहिलो. वितळून राहिलं ते."

पलीकडे बराच वेळ नुसता समुद्राचा आवाज येत होता.